सायफर बांधावा, पण मोडून पाहण्यासाठी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरायला लागले, की विषयांच्या यादीत एक नाव पुन्हा पुन्हा दिसते: सुरक्षित संदेशवहनासाठी नव्या सममित ब्लॉक सायफरची रचना. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापूरजवळ वनगळीला एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यातल्या मुलांना आता संगणकशास्त्र शिकायला पुण्यापर्यंत जावे लागत नाही. आणि सुरक्षित संदेशवहनाची गरजही त्यांना दुरून आणावी लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथल्या साखर कारखान्यांच्या काट्यांवरून उसाचे वजन संगणकात जाते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट आणि लिटर यंत्रातून थेट नोंदले जातात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उभा केल्यापासून तर जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर आणि हवामान केंद्रे सरीच्या कडेला उभी राहिली आहेत. हा सगळा डेटा हवेतून आणि तारेतून धावतो.

तेव्हा प्रश्न रास्त आहे. या डेटासाठी नवा सायफर बांधावा का? बांधायचाच तर कसा, आणि तो चांगला झाला हे कशावरून ओळखायचे? गेल्या पन्नास वर्षांत जगाने या प्रश्नावर खूप काही शिकून ठेवले आहे, आणि त्यातले फार थोडे आपल्या प्रकल्प-अहवालांपर्यंत पोचते असे माझे ठाम मत आहे.

सममित म्हणजे मजकूर झाकायची आणि उघडायची किल्ली एकच. ब्लॉक सायफर म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा तुकडा, आज बहुधा १२८ बिटांचा, घेऊन किल्लीच्या साहाय्याने त्याच लांबीचा दुसरा तुकडा करणारी क्रिया. ती उलटता आली पाहिजे, पण किल्लीवाचून नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली गुप्तलेखनाच्या सिद्धांतावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, त्यात या बांधणीचे दोन गुण सांगितले. किल्ली आणि कूटमजकूर यांचे नाते इतके गुंतागुंतीचे हवे की समीकरणे मांडून सुटू नये, हा पहिला. मजकुरातल्या एका बिटाचा परिणाम सगळ्या ब्लॉकभर पसरावा, हा दुसरा. त्यांनी दाखला दिला तो पिठाच्या उंड्याचा: लाटायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचा. दोन सोप्या क्रिया, एकीने पसरायचे आणि दुसरीने मोडायचे, आलटून पालटून पुरेशा वेळा केल्या की पिठातला कण कुठून कुठे गेला ते सांगता येत नाही. आजचा जवळपास प्रत्येक ब्लॉक सायफर याच तत्त्वावर उभा आहे. त्या प्रत्येक लाटण्या-घडीला ‘फेरी’ म्हणतात.

पहिला सार्वजनिक नमुना म्हणजे डीईएस. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९७३ मध्ये आणि पुन्हा १९७४ मध्ये प्रस्ताव मागवले. आयबीएमच्या होर्स्ट फाइस्टेल यांच्या ल्युसिफर या रचनेतून आलेला सायफर १९७७ मध्ये मानक झाला. ब्लॉक ६४ बिटांचा, फेऱ्या १६, किल्ली ५६ बिटांची. फाइस्टेल यांची युक्ती देखणी होती. ब्लॉकचे दोन अर्धे करायचे, एका अर्ध्यावर कितीही विचित्र क्रिया करून तिचे फळ दुसऱ्या अर्ध्यात एक्सऑरने मिळवायचे आणि बाजू बदलायच्या. आतली क्रिया उलटण्याजोगी नसली तरी संपूर्ण सायफर उलटतो. विद्यार्थ्यांनी बांधलेले बहुतेक सायफर आजही याच सांगाड्यावर उभे असतात, ते यामुळेच.

डीईएसच्या इतिहासातली खरी शिकवण मात्र त्याच्या एस-बॉक्समध्ये आहे. एस-बॉक्स म्हणजे लहान आकड्याच्या जागी दुसरा आकडा देणारी तक्ता-सारणी. सायफरमधला वाकडेपणा, म्हणजे अरेषीयता, तेवढीच. अमेरिकी सुरक्षा यंत्रणेने या सारण्यांत लक्ष घातले, का घातले ते सांगितले नाही, आणि पंधरा वर्षे जगाला संशय राहिला की मागचे दार ठेवले आहे. १९९० मध्ये इलाय बिहाम आणि अदी शमीर यांनी ‘डिफरन्शिअल’ विश्लेषणाची पद्धत प्रसिद्ध केली. दोन मजकुरांतला ठरावीक फरक फेऱ्यांमधून कसा वाहत जातो याचा माग काढून किल्ली शोधायची, अशी ती पद्धत. ती वापरल्यावर दिसले की डीईएसच्या सारण्या नेमक्या याच हल्ल्याला आश्चर्यकारक रीतीने टिकतात. त्यांच्या जागी यादृच्छिक सारण्या टाकल्या तर सायफर लवकर पडतो. १९९४ मध्ये आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथ यांनी उघड केले, की त्यांच्या गटाला ही पद्धत १९७४ पासूनच माहीत होती आणि ती गुप्त ठेवायचे ठरले होते. मित्सुरू मात्सुई यांची ‘लिनियर’ विश्लेषणाची पद्धत १९९३ मध्ये आली. पुढच्या वर्षी त्यांनी १२ संगणकांवर ५० दिवसांत डीईएसची किल्ली काढून दाखवली. या हल्ल्यासाठी सारण्या घडवलेल्या नव्हत्या; पण कॉपरस्मिथ यांच्या खुलाशाने एवढे कळले की ज्या सारण्या पाहणाऱ्याला कुणीतरी मनाला येईल तसे आकडे भरल्यासारख्या वाटत होत्या, त्यांच्यामागे कारण होते.

पुढे डीईएस संपला तो हुशारीने नव्हे, किल्लीच्या लांबीने. ५६ बिटांच्या सुमारे ७२० कोटी कोटी किल्ल्या होतात. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात एक यंत्र बांधले आणि ५६ तासांत किल्ली शोधली. तिप्पट डीईएसने काही काळ ढकलला, पण ब्लॉक ६४ बिटांचाच राहिल्यामुळे एका किल्लीखाली साधारण ३२ जीबी डेटा गेला की ब्लॉक जुळू लागतात आणि मजकूर गळू लागतो; २०१६ साली भार्गवन आणि ल्यूराँ यांनी हे ब्राउझरवर दाखवून दिले.

एईएसची निवड हा आपल्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत मोलाचा प्रसंग आहे. १९९७ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने खुली स्पर्धा पुकारली. १९९८ मध्ये जगभरातून १५ सायफर स्वीकारले गेले. बांधणारे बहुतेक व्यावसायिक होते, अनेकांच्या पाठीशी मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे होती. तरीही जर्मन दूरसंचार कंपनीचा मॅजेंटा पहिल्याच परिषदेत, मांडणी झाल्या झाल्या, श्रोत्यांतल्या विश्लेषकांनी मोडला. लोकी-९७ तितक्याच लवकर गेला. पाच अंतिम फेरीत राहिले आणि २ ऑक्टोबर २००० रोजी बेल्जियमच्या जोआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांचा राइंडाल निवडला गेला. २६ नोव्हेंबर २००१ रोजी तो एईएस नावाने मानक झाला. वर्गात आपण एईएसच्या चार पायऱ्या पाठ करून घेतो: बाइट बदल, ओळी सरकव, स्तंभ मिसळ, किल्ली मिळव. त्या तशाच का आहेत, हे मात्र शिकवायचे राहून जाते आणि रचनेचे सगळे सार तिथेच आहे.

ते थोडक्यात असे. एईएसच्या एस-बॉक्समधून कोणताही ठरावीक फरक ठरावीक फरकात जाण्याची शक्यता जास्तीत जास्त २५६ मध्ये ४, म्हणजे दोनच्या सहाव्या घातात एक. स्तंभ मिसळण्याचे गणित असे निवडले आहे की स्तंभात एक बाइट बदलला तर बाहेर चारही बदलतात. आत-बाहेर मिळून बदललेल्या बाइटांची संख्या पाचाच्या खाली जाऊच शकत नाही. ओळी सरकवल्यामुळे एका स्तंभातले चार बाइट पुढच्या फेरीत चार वेगळ्या स्तंभांत जातात. या दोन गोष्टी एकत्र केल्या की कागद-पेन्सिलीवर सिद्ध होते: कोणत्याही चार फेऱ्यांत हल्लेखोराच्या फरकाला निदान २५ एस-बॉक्समधून जावे लागते. पंचवीस गुणिले सहा, दीडशे. म्हणजे चार फेऱ्यांतून जाणाऱ्या कोणत्याही एका मार्गाची शक्यता दोनच्या १५०व्या घातात एक यापेक्षा जास्त नाही. १२८ बिटांच्या ब्लॉकमध्ये इतके मजकूर अस्तित्वातच नाहीत. आणि फेऱ्या तर किमान दहा आहेत. मला हा युक्तिवाद संगणकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतो, कारण तो दुसऱ्या वर्षाच्या गणितात बसतो आणि तरी त्यावर जगाचा व्यवहार उभा आहे. पंचवीस वर्षे जगभरचे विश्लेषक मागे लागले आहेत. १२८ बिटी किल्लीच्या एईएसच्या सात फेऱ्यांपर्यंत हल्ले पोचले. पूर्ण दहा फेऱ्यांवरचा २०११चा हल्ला २च्या १२८व्या घाताऐवजी १२६.१व्या घाताएवढे काम मागतो, म्हणजे व्यवहारात काहीच साधत नाही.

आता आपल्याकडच्या, म्हणजे देशभरच्या, प्रकल्पांत आणि लहान नियतकालिकांत नवा सायफर ‘सुरक्षित’ कशावरून ठरवतात ते पाहू. बहुधा तीन कसोट्या असतात. मजकुराचा एक बिट बदलला की कूटमजकुराचे निम्मे बिट बदलतात. किल्लीचा एक बिट बदलला तरी निम्मे बदलतात. आणि यादृच्छिकतेच्या सांख्यिकी चाचण्या उत्तीर्ण होतात. या कसोट्या किती पोकळ आहेत हे दाखवणारा एक सायफर मी इथेच बांधून देतो. मजकुराचा ब्लॉक घ्या आणि किल्लीच्या जागी १२८ शून्ये ठेवून, सगळ्यांना माहीत असलेल्या त्या किल्लीने, एईएसमधून काढा. वापरणाऱ्याची खरी किल्ली शा-२५६ या हॅश-क्रियेतून काढून तिचे १२८ बिट घ्या आणि आधीच्या निकालात एक्सऑरने मिळवा. झाला सायफर. मजकुराचा एक बिट बदला, सरासरी ६४ बिट बदलतील, कारण आत एईएस आहे. किल्लीचा एक बिट बदला, तरी सरासरी ६४ बदलतील, कारण शा-२५६ आहे. सांख्यिकी चाचण्यांतही तो सहज पार होईल. आणि तरीही एका ब्लॉकचा मजकूर माहीत असला, की हल्लेखोर तो शून्य-किल्लीच्या एईएसमधून काढतो, कूटमजकुराशी एक्सऑर करतो आणि उरलेला सगळा पत्रव्यवहार वाचतो. खरी किल्ली त्याला शोधावीही लागत नाही. निम्मे बिट बदलणे ही आवश्यक गोष्ट आहे. ती पुरेशी मानणारा अहवाल सुरक्षिततेबद्दल काहीच सांगत नाही.

‘एका ब्लॉकचा मजकूर हल्लेखोराला कुठून कळणार?’ असे मुले विचारतात. मराठीत लिहिणाऱ्याने तर हे विचारूच नये. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार तीन बाइट घेतो. त्यातला पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. ‘बारामती’ आणि ‘इंदापूर’ दोन्ही २१-२१ बाइटांचे शब्द आहेत. दोन्हींत सात वेळा २२४ येतो, सहा वेळा १६४ आणि एकदा १६५. एकवीसपैकी चौदा बाइट शब्द न वाचताच अंदाजात आले. शिवाय कारखान्याचा वजनाचा निरोप ठरलेल्या साच्याचा: सभासद क्रमांक, गट, वाहन, वजन, टन. चांगल्या सायफरला याने काही फरक पडत नाही, कारण तो ज्ञात मजकूर गृहीत धरूनच बांधलेला असतो. घरगुती सायफरचा मात्र यातच निकाल लागतो. किल्ली २५६ बिटांची असो की ५१२, रचना रेषीय असेल तर थोड्या ब्लॉकांत समीकरणे सुटतात.

रचना झाकून ठेवली तर? ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येता कामा नये. तरीही लोक झाकून पाहतात. मोटारींच्या रिमोट किल्ल्यांतला कीलॉक सायफर ५२८ फेऱ्यांचा होता. रचना २००६ मध्ये बाहेर आली आणि दोन वर्षांच्या आत गणितानेही पडला, वीजवापर मोजूनही. पोलिसांच्या आणि आणीबाणी सेवांच्या टेट्रा बिनतारी यंत्रणेतले गुप्त अल्गोरिदम पंचवीसहून अधिक वर्षे कुणाला पाहू दिले नव्हते. २०२३ मध्ये डच संशोधकांनी उकलले तेव्हा त्यातल्या एकाची ८० बिटांची म्हणवली जाणारी किल्ली आत ३२ बिटांवर येत होती. तो ब्लॉक सायफर नव्हे, पण धडा तोच.

‘एईएस मोठ्या संगणकांसाठी; आमचा सेन्सर लहान आहे, त्याला हलका सायफर हवा,’ हे नव्या रचनेचे सर्वांत सबळ कारण म्हणून पुढे येते आणि त्याला खरा आधार आहे. आरएफआयडी चिप्पीत मोजकीच लॉजिक गेट असतात. त्यासाठी २००७ मध्ये ‘प्रेझेंट’ आला: ६४ बिटांचा ब्लॉक, ३१ फेऱ्या, चार बिटांचा एस-बॉक्स, सुमारे १५७० गेटमध्ये बसणारा. प्रत्येक पाच फेऱ्यांत किमान दहा एस-बॉक्स सक्रिय होतात, असे त्याचे सिद्धांतवाक्य आहे. तो आंतरराष्ट्रीय मानकात गेला. २०१७ मध्ये त्याची सुधारित भावंडे ‘गिफ्ट’ नावाने आली. त्यांच्या रचनाकारांत भारतीय नावे आहेत आणि गिफ्टवर उभारलेली गिफ्ट-कॉफबी, ज्यात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संशोधक होते, अमेरिकी हलक्या सायफरांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेली. त्या स्पर्धेत २०२३ मध्ये ऑस्ट्रियाचा ॲस्कॉन निवडला गेला. अमेरिकी सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये दिलेले सायमन आणि स्पेक वेगाने उत्तम होते. रचनेची कारणे नीट सांगितली नाहीत म्हणून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाच्या समितीने त्यांना नकार दिला. डीईएसच्या सारण्यांची आठवण कुणी विसरले नव्हते.

पण आपल्या उसातला सेन्सर आरएफआयडी चिप्पी नाही. विद्यार्थ्यांच्या हाती असतो तो आर्दुइनो उनो: ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १६ मेगाहर्ट्झ. त्याच्या ८ बिटी प्रोसेसरवर नीट लिहिलेला एईएस एका ब्लॉकला काही हजार क्लॉक घेतो, म्हणजे एका मिलिसेकंदाहून कमी. ईएसपी-३२ घेतला तर एईएस चिपमध्येच आहे. सेन्सर दर पंधरा मिनिटांनी सोळा बाइट पाठवत असेल तर वर्षाला ३५,०४० ब्लॉक, साडेपाच लाख बाइटांच्या आसपास. त्यात बॅटरी खातो तो रेडिओ. सायफरचा वाटा नगण्य. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात परवान्याशिवाय चालणारे लोरावॅन हे लांब पल्ल्याचे बिनतारी जाळे तर मुळातच १२८ बिटी एईएस वापरते. तेव्हा बारामती-इंदापूरच्या शेतासाठी एईएस जड आहे हे कारण मोजमापावर टिकत नाही. अहवालांत दिसणाऱ्या ‘आमचा सायफर एईएसपेक्षा वेगवान’ या तक्त्यांबद्दलही हेच. फेऱ्या कमी केल्या की कोणताही सायफर वेगवान होतो. लॅपटॉपवर तुलना करायची तर २०१० पासून प्रोसेसरमध्ये आलेल्या एईएसच्या खास आज्ञा चालू ठेवून करावी.

खरा धोका सायफरच्या बाहेर आहे, आणि तो काट्यापाशी नीट दिसतो. समजा वजनाची नोंद ‘१२.४८० टन’ अशी, इंग्रजी आकड्यांत, एईएसने पण काउंटर पद्धतीने झाकून पाठवली. या पद्धतीत एईएसमधून निघालेली बिटांची माळ मजकुरात एक्सऑर होते. संगणकात २ हा आकडा ५० म्हणून साठतो आणि ३ हा ५१ म्हणून. फरक शेवटच्या एका बिटाचा. मधल्या माणसाला किल्ली नको, मजकूर वाचायला नको; जागा माहीत असेल तर एक बिट उलटवला की १२.४८० चे १३.४८० होते. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरवली. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी त्या एका बिटाची किंमत ३,५५० रुपये. सायफर जगातला सर्वोत्तम, आणि तरी नोंद खोटी. गुप्तता आणि अस्सलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनाच्या बाबतीत तर गुप्ततेची फारशी गरजही नाही, शेतकऱ्याला ते कळायलाच हवे. गरज आहे ती कुणी बदलले नाही या खात्रीची. ती जीसीएम, सीसीएम किंवा सीमॅक अशा पद्धतींतून मिळते. आधारच्या पडताळणीत बोटांच्या ठशांचा डेटा २५६ बिटी एईएसने आणि जीसीएम पद्धतीने झाकला जातो, तो यासाठीच. अर्थात काटाच चुकीचा मोजत असेल तर कोणताही सायफर काही करू शकत नाही. काटामारीच्या तक्रारीचे उत्तर वैधमापन खात्याच्या तपासणीत आहे. गणिताचे काम काट्याच्या पुढच्या तारेपासून सुरू होते.

ईसीबी पद्धत, म्हणजे प्रत्येक ब्लॉक सुटा झाकणे, आजही प्रात्यक्षिकांतून थेट प्रकल्पात येते. सारखा मजकूर, सारखा कूटमजकूर. अडोबी कंपनीचे २०१३ मध्ये चोरीला गेलेले पासवर्ड असेच झाकलेले होते. किल्ली न सापडताही कुणाकुणाचा पासवर्ड एकच आहे ते दिसत होते. २०२० मध्ये झूमच्या बैठकाही ईसीबीत चालत असल्याचे टोरांटोच्या सिटिझन लॅबने उघड केले.

काउंटर पद्धतींना आणखी एक अट असते, आणि ग्रामीण भागात ती फार सहज मोडते: बिटांची माळ ज्यातून निघते तो क्रमांक त्याच किल्लीने दोनदा वापरायचा नाही. सेन्सरने हा क्रमांक रॅममध्ये ठेवला, ढगाळ आठवड्यात सौर पॅनेलने दगा दिला, बॅटरी संपली, यंत्र पुन्हा चालू झाले, आणि क्रमांक शून्यापासून सुरू झाला. आता दोन वेगवेगळ्या नोंदी एकाच माळेने झाकल्या गेल्या. दोन्ही कूटमजकूर एक्सऑर करा, माळ उडून जाते, दोन मजकुरांचा फरक हातात येतो. जीसीएममध्ये तर याहून वाईट: अस्सलपणा तपासायची आतली किल्लीही काढता येते. लोरावॅनमध्ये किल्ल्या यंत्रात कायमच्या भरून ठेवण्याची जी सोपी वाट आहे तिच्यात नेमकी हीच अडचण येते. म्हणून क्रमांक न पुसणाऱ्या मेमरीत हवा, आणि पाठवण्याआधी लिहिलेला हवा.

शेतात उभ्या यंत्राचा दुसरा प्रश्न राखणीचा. मोटारी आणि केबली चोरीला जातात तिथे सेन्सरही जाईल. पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये गणनेला लागणाऱ्या वेळेवरून आणि १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह वीजवापराच्या आलेखावरून किल्ली काढून दाखवली. २०१६-१७ मध्ये शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिप्सच्या स्मार्ट दिव्यातून स्वस्त साधनांनी अशीच एईएसची किल्ली काढली आणि दिसले की त्या जातीच्या सगळ्या दिव्यांत तीच किल्ली होती. एईएस मोडला नव्हता. दोनशे सेन्सरांत एकच किल्ली टाकणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाची हीच अवस्था आहे. प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली, मुख्य किल्लीपासून यंत्राच्या क्रमांकाने काढलेली आणि मुख्य किल्ली फक्त सर्व्हरवर: याला नवा शोध लागत नाही, शिस्त लागते. क्वांटम संगणकाची धास्ती इथे कमी आहे. ग्रोव्हर यांची पद्धत किल्लीची ताकद फार तर निम्म्या बिटांवर आणते, आणि २५६ बिटी किल्ली त्याला पुरून उरते.

मग नवा सायफर बांधूच नये का? बांधावा. पण तो वापरात आणायचा माल म्हणून बांधू नये. मोडायला शिकण्याचे साधन म्हणून बांधावा. चांगल्या रचनाकारांनाही यातून सूट नाही. चूक-हल्ल्यांना, म्हणजे यंत्रात मुद्दाम चूक घडवून किल्ली काढणाऱ्या हल्ल्यांना, टिकेल असा दावा करणारा ‘डिफॉल्ट’ सायफर २०२१ च्या एशियाक्रिप्ट परिषदेत आला. त्याच्या रचनाकारांतही भारतीय होते. पुढच्याच वर्षी युरोक्रिप्टमध्ये तो दावा मोडून दाखवला गेला. रचना आणि कारणे उघड होती म्हणून वर्षात तपासता आली, आणि दोन्ही निबंध त्या क्षेत्राच्या कामी आले. आपल्या देशात ही परंपरा परकी नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बिमल रॉय यांच्या पुढाकाराने इंडोक्रिप्ट परिषद २००० पासून भरते, आणि सममित सायफरांची जगातली प्रमुख परिषद २००४ मध्ये दिल्लीत भरली होती. पुण्याचे अतुल कहाते यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक आपल्या महाविद्यालयांत सर्रास वाचले जाते. वाचनाची सोय आहे. मोडून पाहण्याचे तास नाहीत.

ते तास कसे असावेत, याचा आराखडा अवघड नाही. एडवर्ड शेफर यांनी शिकवण्यासाठी केलेल्या एस-डीईएसची किल्ली १० बिटांची. १०२४ किल्ल्या तपासणे हे पहिले प्रात्यक्षिक. जपानच्या एनटीटीचा १९८७चा फील सायफर चार फेऱ्यांचा घेतला तर डिफरन्शिअल पद्धतीने लॅपटॉपवर पडतो; ते दुसरे. मग प्रेझेंटच्या फेऱ्या चार-पाचवर आणून तोच हल्ला, आणि फेऱ्या एकेक वाढवत तो कुठे थांबतो याचा आलेख. यानंतर ज्या गटाला स्वतःची रचना करायची आहे त्याने ती करावी, आणि अहवालात एस-बॉक्सची डिफरन्शिअल व लिनियर सारणी, किमान सक्रिय एस-बॉक्सची संख्या आणि ती कशी मोजली ते द्यावे. ही मोजणी आज मिश्र-पूर्णांक प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरने साध्या संगणकावर होते. दुसऱ्या गटाने पहिल्याचा सायफर मोडावा, आणि गुण दोघांना सारखे मिळावेत.

ज्यांना थेट उपयोगाचे काम हवे त्यांनी एईएस-सीसीएम किंवा ॲस्कॉन घेऊन ओलाव्याचा एक सेन्सर बांधावा. त्याचा वीजवापर ऑसिलोस्कोपवर मोजून किल्ली बाहेर येते का ते पाहावे. पाठवणे चालू असताना बॅटरी मध्येच काढून, पुन्हा लावून, शंभर वेळा, सर्व्हरवर एकही क्रमांक दुसऱ्यांदा येत नाही हे तपासावे, आणि आला तर कोणत्या ओळीमुळे आला ते अहवालात लिहावे.